डिंककाका आणि मेंदूचा ॲटलस

आमच्या ग्रंथालयात पुस्तकं फाडणारे शेकडो आहेत आणि शिवणारा एकच. वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय म्हटलं की लोकांना वाटतं, इथली मुलं पुस्तकांना जपत असतील. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येऊन बघावं. हृदयाची आकृती ब्लेडनं कापून नेणारा विद्यार्थी पुढे खऱ्या हृदयाचं काय करणार, या विचारानं देवघेवीच्या टेबलावर बसल्या बसल्या मला अनेकदा घाम फुटला आहे. मी वीस वर्षं त्या टेबलावर आहे. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. मी त्यांना पुस्तकं वेळेवर परत करायला लावते, म्हणून म्हणतात.

शिवणारा एकच, तो म्हणजे आमचे बाइंडर. त्यांना सगळे डिंककाका म्हणतात, कारण त्यांच्या शर्टाला, जेवणाच्या डब्याला, एवढंच काय, चष्म्याच्या दांडीलाही डिंकाचा आणि खळीचा वास येतो. पुस्तकांच्या मांडण्यांमागे त्यांची खोली आहे. एक लांब टेबल, पुस्तक दाबून धरणारा लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत आणि खळीचं पातेलं, एवढाच संसार. माणूस अबोल. आपण चार वाक्यं बोलावीत तेव्हा त्यांच्याकडून एक शब्द निघतो, तोही मोजूनमापून. पण एका गोष्टीचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पान उलटं किंवा चुकीच्या जागी लागलेलं नाही. आम्ही चिडवायचो की काका, स्वर्गात गेलात तर तिथलीही वही उसवून पुन्हा शिवाल. ते हसायचे नाहीत. खरंच विचार करायचे.

त्यांची बायको, म्हणजे काकू, अगदी उलट. घरी मुलांच्या गणवेशांची शिलाई करायच्या आणि मशीन चालू असताना मशीनच्या वरताण बोलायच्या. दोनतीनदा त्या ग्रंथालयात आल्या, तेव्हा 'शांतता राखा' ही पाटी मलाच केविलवाणी वाटायला लागली होती. तर अशा काकूंच्या उजव्या हातातून कात्री पडायला लागली. पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. मग त्या बोलता बोलता अडायला लागल्या. काजं करायला बसल्या तर 'ते भोक द्या' म्हणायला लागल्या. बटणाला 'गोल' म्हणाल्या. एकदा तर नवऱ्याकडे बघून बराच वेळ काही सुचेना, तेव्हा त्या घाबरल्या आणि डिंककाका त्यांच्याहून जास्त घाबरले.

समोरच्याच इस्पितळात तपासण्या झाल्या. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ आहे, काढावी लागेल, असं सर्जननी सांगितलं. नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. डाव्या बाजूला म्हणजे कुठे, काढल्यावर काय होतं, हे काकांनी विचारलं नाही. काकूंनी विचारू दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्याच्या हातात आपलं डोकं द्यायचं त्याला प्रश्न विचारून बिथरवू नये. उद्या त्याचा हात कापला तर भोगायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डिंककाका माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि मेंदूचा ॲटलस मागितला. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडून एकही पुस्तक वाचायला घेतलं नव्हतं. मी विचारलं, कोणता? त्यांना नेमका ठाऊक होता. तो जुना, मोठा, पाटासारखा जड, ज्यात मधे पारदर्शक पानं आहेत. एकेक पान उलटलं की कवटी जाते, आवरणं जातात, रक्तवाहिन्या जातात आणि खाली मेंदू उघडा पडतो. तो आता मुलं नेत नाहीत. सगळं संगणकावर फिरवून बघतात. वर्षानुवर्षं तो खालच्या फळीवर आडवा पडून होता.

काकांना इंग्रजी जेमतेम. मी नावं वाचायची, ते पेन्सिलीनं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर आपल्या लिपीत लिहायचे आणि क्रमांक घालायचे. पण शिकले ते हातानंच. बटर पेपरवर एकेक थर गिरवला. मग जुन्या टोपीला आतून ते कागद चिकटवले आणि टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून बोटानं चाचपून बघू लागले, की कानाच्या वर काय आहे, कपाळाच्या मागे काय आहे. कुणी पाहिलं असतं तर काकांचंच डोकं तपासायला नेलं असतं. मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

चार दिवसांत त्या माणसानं जे शिकून घेतलं ते पहिल्या वर्षाची मुलं चार महिन्यांत शिकत नाहीत. पण मुलांना शिकताना भीती नसते. काकांच्या प्रत्येक क्रमांकासमोर काकू उभ्या होत्या. हा भाग गेला तर हात जातो. हा गेला तर ओळख जाते. हा गेला तर गिळता येत नाही. अज्ञानात सुख असतं म्हणतात ते काही खोटं नाही. संध्याकाळी घरी जाऊन ते काकूंना बटणं उचलायला लावायचे, एक डोळा मिटायला सांगायचे, आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावायचे. काकू वैतागून म्हणाल्या की डॉक्टर एक आहे तो पुरे, घरात दुसरा नको. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे ओठ कोरडे पडले होते. म्हणाले, वार उलटे म्हणताना ती बुधवारी अडते.

पाचव्या दिवशी ते आले ते धावतच. काखेत तपासणीची फिल्म, चेहरा पांढराफटक. दार लावून घेतलं, ॲटलस उघडला, फिल्म खिडकीच्या काचेला धरली आणि म्हणाले, "ताई, हा डॉक्टर चुकीच्या बाजूला कापणार आहे."

मी बघितलं. फिल्मवरचा पांढरट डाग चित्राच्या उजव्या अंगाला होता. ॲटलसमध्ये, वरून पाहिलेल्या मेंदूवर जे रंगीत पारदर्शक पान येतं, त्यात बोलण्याचा भाग तांबड्या रंगात होता आणि तोही उजव्याच अंगाला. काकूंचं बोलणं अडतंय, म्हणजे गाठ बोलण्याच्या भागाशी. पुस्तक म्हणतं उजवीकडे, फिल्म म्हणते उजवीकडे. आणि डॉक्टर म्हणतो डावीकडे.

मी आधी हसले. म्हटलं, काका, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. वीस वर्षं मुलांची बडबड ऐकून एवढं मलाही कळतं, की फिल्म आरशासारखी वाचायची असते, रोगी समोर तोंड करून आहे असं धरायचं. चित्रातली उजवी ती माणसाची डावी. एक साक्षीदार तिथेच गळाला. काकांनी मान हलवली आणि ॲटलसवर बोट ठेवलं. हे तर वरून बघितलंय ना, म्हणाले, नाक वरच्या बाजूला. मग यातली उजवी ती उजवीच. हे कसं?

हसू कधी विरलं ते मला कळलं नाही. मी मांडणीवरून नवं पुस्तक आणलं, मग दुसरं, मग तिसरं. तिन्हींत बोलण्याचा भाग डावीकडे. बहुतेक सगळ्या माणसांचा डावीकडेच असतो, असं तिन्हींत लिहिलेलं. आमचा एकटा जुना ॲटलस उजवीकडे म्हणत होता.

काकांनी चष्मा पुसला आणि त्या पारदर्शक पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट मधेच थांबलं. पान कण्याला कापडी पट्टीनं जोडलेलं होतं आणि पट्टीची टोकं तिरकी कापलेली होती. ती तशी फक्त एकच माणूस कापतो. त्या पानावर एकही अक्षर नव्हतं, आकडा नव्हता, नुसते रंग. नावं शेजारच्या छापील पानावर. पारदर्शक पान लावायचं तर चार कोपऱ्यांतल्या बारीक फुल्या खालच्या पानावरच्या फुल्यांशी जुळवायच्या, ही बाइंडरची रीत. फुल्या जुळल्या की पान जुळलं. पण ते पान पालथं केलं तरी फुल्या जुळतात आणि मेंदूचा आकारही दोन्हीकडे सारखाच दिसतो.

त्यांनी ओला कापूस पट्टीवर ठेवला, वाट बघितली, पान सोडवलं आणि पालथं करून ठेवलं. चारी फुल्या बिनचूक बसल्या. तांबडा रंग मुकाट्यानं डावीकडे गेला.

एकतीस वर्षांत एक पान, आणि नेमकं तेच पान. मला त्या माणसाची फार दया आली. मी म्हटलं, जाऊ द्या, बरंच झालं, डॉक्टर बरोबर निघाले. पण काका माझं ऐकतच नव्हते. त्यांनी शेवटचं पान उलटलं होतं. तिथे देवघेवीचा कागद असतो, कुणी कधी पुस्तक नेलं त्याच्या नोंदी. सतरा वर्षांपूर्वी दुरुस्ती झाल्याचा शिक्का होता. त्याखालच्या सहीवर त्यांनी नख ठेवलं. सही ओळखायला मला वेळ लागला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीभर ॲटलस घरी ठेवून घेणारा, मी दोनदा निरोप पाठवल्यावर परत करणारा तो काडीसारखा मुलगा. आज समोरच्या इस्पितळात तोच सर्जन आहे. काकूंचं डोकं त्याच्याच हातात जाणार होतं.

"याच पानावरून शिकलाय तो," काका म्हणाले. "गाठ डावीकडे आहे म्हणाला, बोलण्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याला वाटत असेल बोलणं उजवीकडे. मग डावीकडे तो बिनधास्त सुरी चालवेल, ताई."

मी खूप समजावलं. एका पानावर का कुणी सर्जन होतो? पुढे किती पुस्तकं, किती परीक्षा, किती रोगी! अहो, हे तर त्यांच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी बोलत होते आणि माझी नजर त्या सहीवरून हलत नव्हती. कारण ते पुस्तक त्याच्या हातात मीच दिलं होतं. वर शिक्का मारून दिलं होतं. शहाणपण एकीकडे आणि भीती एकीकडे, दोहोंची कधी गाठ पडत नाही. घरी जाऊन मी जेवताना मुलाला उजवा हात कोणता, डावा कोणता विचारलं, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

पुढचे दोन दिवस काका काही जोडत नव्हते. शिकंज्यात पुस्तक अडकवायचे आणि तसंच ठेवायचे. जाऊन सर्जनना विचारावं, तर काकूंनी बजावलेलं. शिवाय विचारायचं म्हणजे कबूल करायचं. माझ्या चुकीमुळे तुम्ही चुकीचं शिकलात का, असं शस्त्रक्रियेच्या तोंडावर सर्जनला विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तो चिडला तर? हसला तर? आणि खरंच त्याच्या मनात नसलेली शंका आपणच घातली तर? या शेवटच्या विचारानं तर काकांना दरदरून घाम फुटायचा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी ते ॲटलस कापडात बांधून माझ्यासमोर आले. मला म्हणाले, तुम्ही चला, माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. मी रजेचा अर्ज न लिहिताच उठले.

सर्जनच्या खोलीबाहेर बाकावर तासभर बसलो. ॲटलस मांडीवर, त्यावर दोन्ही हात. आत गेल्यावर मात्र मला बोलायची वेळच आली नाही. काकांनी गाठोडं सोडलं, पान उघडलं, ते पालथं केलं, पुन्हा सरळ केलं आणि म्हणाले की हे मी सतरा वर्षांपूर्वी उलटं लावलं, आणि हे तुम्ही नेलं होतं. एवढंच. मग मान खाली घालून उभे राहिले. मी सर्जनच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी ते पान स्वतःच्या हातानं एकदा पालथं केलं, पुन्हा सरळ केलं. ते हसले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली.

"तोंडी परीक्षेत मी उजवीकडे म्हणालो होतो," ते सावकाश म्हणाले. "सरांनी खोलीबाहेर काढलं. सहा महिने गेले. मला वाटलं, मीच चुकीचं पाठ केलं. पुस्तकावर कोण संशय घेतो?"

काकांनी हात जोडले. सर्जननी ते खाली करायला लावले. त्या परीक्षेपासून डाव्या-उजव्याची खात्री केल्याशिवाय आपण कुणाच्या केसालाही हात लावत नाही, असं त्यांनी सांगितलं. रोगी जागा असताना विचारायचं, फिल्म बघायची, डोक्यावर स्वतःच्या हातानं खूण करायची, आणि हे सगळं तीनदा. हाताखालचे डॉक्टर मागे हसतात, पण करतात. मला वाटलं, सुटलो. मी उठायच्याच बेतात होते.

"बाजू चुकणार नाही," सर्जन म्हणाले. "पण तुम्ही एवढं शिकून आलात म्हणून सांगतो. गाठ बोलण्याच्या भागाला चिकटूनच आहे. मी जपून काढीन. तरी बोलणं राहील की नाही, ते मला आज सांगता येत नाही. त्या दिवशी तुमच्या पत्नी समोर बसल्या होत्या, म्हणून बोललो नाही."

डिंककाका खुर्चीवर बसले. तीन दिवस ज्या भीतीशी ते झुंजत होते ती भलतीच निघाली होती आणि खरी तिच्यामागेच दबा धरून बसली होती. खोटी निदान दुरुस्त करता येण्यासारखी होती. हिला ना पट्टी, ना खळ.

काकूंना सांगायचं की नाही यावर आम्ही जिन्यात उभं राहून वाद घातला. मी म्हटलं, सांगू नका. ते म्हणाले, सही तिची लागते, न सांगता कसं चालेल. वॉर्डात गेल्यावर त्यांनी सकाळीच दाखल झालेल्या काकूंच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. उलटं पान, परीक्षा, गाठ, बोलणं. मी त्यांना इतकं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं. काकू ऐकत होत्या. आपण नको म्हटलं असताना हे डॉक्टरकडे गेले, याचा राग त्यांच्या भुवयांत आला आणि गेला. मग त्यांनी संमतीचा कागद मागितला. उजव्या हातात पेन धरवेना, म्हणून डाव्या हातानं, लहान मुलासारखी वाकडी सही केली. शब्द शोधत, अडत, त्या म्हणाल्या, "मी गप्प झाले तर... तुम्ही बोला. घर... मुकं नको."

काका बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि रडले. मी त्यांना रडू दिलं. माझ्या तिखट जिभेला त्या वेळी काही सुचलं असतं तर मीच ती छाटून टाकली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जननी आमच्यासमोर काकूंच्या डोक्यावर डाव्या बाजूला जांभळ्या शाईनं खूण केली. काकूंना विचारलं, कोणता हात दुबळा? काकूंनी उजवा पुढे केला. नर्सनं वाचून दाखवलं. तीनदा. मग त्यांना आत नेलं. सहा तास आम्ही दाराबाहेरच्या बाकावर होतो. काका पुठ्ठ्यावर लिहिलेले क्रमांक खिशात घेऊन बसले होते आणि मधूनमधून खिशावर हात ठेवत होते. दार उघडलं की उभे राहायचे, बंद झालं की बसायचे. मीही तेच करत होते. एकदा एक सफाईवाली बादली घेऊन बाहेर आली, तर आम्ही दोघं तिच्यासमोर ताठ उभे राहिलो. तीच बिचारी घाबरली.

गाठ निघाली. काकू जगल्या. पण त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. डोळे उघडायच्या, काकांकडे बघायच्या, सांगितलं की उजवी मूठ वळायच्या. बोलायला सांगितलं की ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही. सूज आहे, थांबा, असं सर्जन म्हणत होते, पण त्यांचाही चेहरा उतरलेला होता. काका पलंगाशी बसून बोलत राहायचे. काय बोलायचं ते ठाऊक नसल्यामुळे कोणतं पुस्तक शिवायला आलं, कशाचा कणा तुटला, तेच सांगायचे. ऐकवत नव्हतं मला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर्जन आले. त्यांनी खिशातलं पेन काढून काकूंच्या डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

काकूंनी पेनाकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. काकांचे ओठ आपोआप 'पे' करायला लागले, तसं सर्जननी दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं. काकूंच्या कपाळावर घाम आला. गळ्याची शीर ताठ झाली. त्यांचा उजवा हात चादरीवरून थोडा उचलला गेला, चिमूट केल्यासारखा.

"सुई," काकू म्हणाल्या.

सर्जननी माझ्याकडे बघितलं. चूक होतं ते. उत्तर चूक आहे हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एकतीस वर्षं एक फुली इकडची तिकडे होऊ न देणारे आमचे डिंककाका पलंगाच्या कठड्यावर ओणवे झाले, आणि त्यांचा आवाज फुटत होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सुईच आहे."